पवनचक्कीची फाइल

पुठ्ठेकाकांना आयुष्यात एकच गोष्ट सहन होत नसे: सुटी पानं. विजेचं बिल असो, औषधाची चिठ्ठी असो, हाताला लागलेल्या कागदाची कड ते आधी सरळ करत, मग त्याच्या जातीचे आणखी दोन-चार कागद शोधत आणि सुईत दोरा ओवत. चाळीस वर्षं पुस्तकं बांधलेल्या माणसाचं असंच होतं. गल्लीत त्यांचं खरं नाव फक्त पोस्टमनला ठाऊक होतं, आणि तोही ते विसरत चालला होता.

घर टेकडीच्या उतारावर, गल्लीच्या अगदी टोकाला. खालच्या दोन खोल्यांत काम चालायचं. एकीत शिकंजा, कटिंग मशीन आणि खळीचं पातेलं, दुसरीत पुठ्ठ्यांच्या चळती. वर काका आणि त्यांची थोरली बहीण. आई गेली तेव्हा काका सहा वर्षांचे होते आणि ताई सोळाची. तिनं त्यांना वाढवलं, शिकवलं, धंद्याला लावलं, आणि या सगळ्यात तिचं लग्न राहून गेलं. "राहून नाही गेलं, मी टाळलं," असं ती सांगायची. "एक पोर सांभाळून पाहिलं होतं. तेवढ्यात हौस फिटली."

आता ताई चौऱ्याहत्तरची होती आणि गेली तीन वर्षं तिच्या फुप्फुसांनी संप पुकारला होता. पलंगाशेजारी एक श्वासाचं यंत्र घरघरत असायचं. ते खोलीतल्याच हवेतून प्राणवायू वेगळा काढायचं आणि नळीनं तिच्या नाकापर्यंत पोचवायचं. यंत्र विजेवर चाले. वीज गेली तर कोपऱ्यात एक सिलिंडर होता, तो दीड तास पुरे. जीभ मात्र कशावरही अवलंबून नव्हती. ती चोवीस तास चालू असे.

अडचण होती ती वाऱ्याच्या महिन्यांची. गल्लीची वीज टेकडी ओलांडून जुनाट खांबांवरून यायची, आणि वर्षातले तीन महिने टेकडीवर असा वारा सुटायचा की तार तुटली म्हणजे दोन-दोन दिवस अंधार. अशा वेळी शेजारचे ट्रकवाले अण्णा धावून येत. ट्रक चालवणं सोडून त्यांना दहा वर्षं झाली होती, पण इंजिनाशिवाय त्यांना करमत नसे, म्हणून त्यांच्या आवाराच्या पार खालच्या टोकाला एक जनरेटर होता. भिंतीवरून एक लांब वायर काकांकडे टाकलेली होती. वीज गेली की अण्णा लुंगी सावरत उताराकडे पळत आणि पाच मिनिटांत ताईचं यंत्र पुन्हा घरघरू लागे. या उपकाराबद्दल ते कधी बोलले नाहीत. वर्षातून एकदा जुनी कॅलेंडरं आणून म्हणत, "यांची वही करून द्या," तेवढंच.

तेच अण्णा एके दिवशी भिंतीपाशी येऊन म्हणाले, "काका, मुलगी ऐकत नाही. मला तिच्याकडे राहायला नेतेय. घर विकायचं ठरलंय. वाऱ्याचे महिने लागायच्या आत निघावं लागेल."

काकांनी "बरं झालं, मुलीजवळ असावं," असं म्हटलं खरं, पण घरात आल्यावर खळीत बोट बुडवून ते नुसते बसून राहिले. स्वतःच जनरेटर आणावा तर परस एवढंसं, धूर थेट ताईच्या खिडकीत. डॉक्टरांनी साफ नाही म्हणून सांगितलेलं. नुसती बॅटरी घ्यावी तर ती फार तर चार तास टिकणार, मग पुढचे दीड दिवस काय करायचं. छपरावर सौर पत्रे बसवावेत तर टेकडीची सावली दुपारी दोनलाच घर गिळायची.

वाट सापडली ती एका कॉलेजच्या जुन्या तांत्रिक मासिकांत. काका त्यांचे वर्षावर्षाचे खंड बांधून देत, आणि ताई बांधण्याआधी सगळं वाचून काढत असे. मजुरी म्हणून, असं तिचं म्हणणं. एका अंकात घरगुती पवनचक्कीवर लेख होता: छोटी पाती, नऊ मीटरचा खांब, खाली बॅटऱ्या. ताईनं तो तीनदा वाचला.

"धाकट्या," ती म्हणाली, "जो वारा आपले दिवे घालवतो, त्यालाच दिवे लावायच्या कामाला का नाही लावायचं?"

गावाबाहेरच्या एका वेल्डरनं स्वतःच्या शेडवर असली चक्की उभारलेली होती. काका जाऊन पाहून आले. वेल्डर म्हणाला, "चक्की मी चार दिवसांत उभी करतो. परवानगी मात्र तुमची तुम्ही आणायची. माझी आणताना माझे केस पांढरे झाले." त्याचे केस खरोखरच पांढरे होते.

नऊ मीटर उंचीचं काहीही उभं करायचं तर नगरनियोजन कचेरीची मंजुरी लागते. खांब पडला तर कुठे पडेल हे बांधकामवाल्यांना कळायला हवं. तार कशी जाईल ते वीजवाल्यांना. आवाज किती आणि सावली कुणाच्या खिडकीत, ते पर्यावरणवाल्यांना. पाखरांच्या वाटेचं आणखी कुणाला, विमानांच्या वाटेचं आणखी कुणाला. पाच टेबलं, पाच शेरे, मग साहेबांची सही. शिवाय खांबापासून अण्णांची हद्द सातच मीटर, म्हणजे शेजाऱ्याचं ना हरकतपत्रही हवं. अण्णांनी ते तिथल्या तिथे लिहून दिलं, पण कचेरीतल्या माहितीपत्रकात स्पष्ट होतं: घराचा मालक बदलला की जुनं पत्र रद्द. नवा मालक कोण असेल आणि तो काय म्हणेल, देव जाणे. जे काही व्हायचं ते अण्णा जायच्या आत व्हायला हवं होतं.

काकांनी महिनाभर राबून अर्ज तयार केला. नकाशे स्वतः काढले, चार बाजूंनी फोटो घेतले, वेल्डरकडून खांबाचा हिशेब आणला. सगळी मिळून छत्तीस पानं झाली. आणि मग ती छत्तीस सुटी पानं रात्रभर टेबलावर तशीच पडून राहणार, हे त्यांच्यानं बघवेना.

त्यांनी अर्ज बांधला. साधासुधा नव्हे. दाभणानं कडेला भोकं पाडून मेणाचा दोरा दुहेरी ओवला. टाके ताईनं घातले. हात थरथरत असले तरी टाका अजून एका रेषेत पडायचा. वर निळं कापड, आत कोरी पानं, आणि पाठीवर सोनेरी अक्षरांत 'घरगुती पवनचक्कीच्या मंजुरीसाठी अर्ज'. डॉक्टरांचं पत्र त्यांनी एकतिसाव्या पानावर घातलं, कारण जोडपत्रं शेवटी जातात हा पुस्तकाचा नियम आहे. दोन दिवस शिकंज्यात दाबून ते पुस्तक त्यांनी कचेरीच्या आवक खिडकीत सरकवलं तेव्हा लेक सासरी पाठवावी तसे त्यांचे डोळे भरून आले होते.

खिडकीतल्या बाई पन्नाशीच्या, चष्मा साखळीला अडकवलेल्या. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, उलटंपालटं केलं, पाठीवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "हे तुम्ही केलं?"

"मी आणि माझ्या ताईनं."

"फार सुंदर आहे हो," बाई म्हणाल्या आणि त्यांनी आवक क्रमांकाचा शिक्का पुस्तकावर मारायच्या ऐवजी वेगळ्या चिठ्ठीवर मारून, खाली क्रमांक आणि तारीख हातानं लिहून ती चिठ्ठी आत ठेवली. काकांना ती गोष्ट एवढी आवडली की त्यांनी घरी येऊन ती दोनदा सांगितली.

सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. माहितीपत्रकात नव्वद दिवस लिहिले होते. नव्वद झाले, शंभर झाले, चौथा महिना संपत आला. काका पाच वेळा खिडकीवर जाऊन आले. दर वेळी बाई म्हणत, "प्रक्रियेत आहे, काका," आणि दर वेळी काका हात जोडून म्हणत, "तुमचे फार उपकार आहेत. तुम्ही एवढं बघताय, हेच खूप." कचेरीत गोड बोलणारं माणूस भेटणं हाच मोठा योग, असं त्यांचं मत होतं. तिसऱ्या खेपेपासून बाई त्यांच्या नजरेला नजर देईनाशा झाल्या होत्या, पण हे काकांच्या लक्षात आलं नाही. पुस्तकाची पाठ किती सरळ आहे ते त्यांना लांबून कळायचं, माणसाचा चेहरा कळायला वेळ लागायचा.

अण्णांच्या अंगणात खोकी भरली जाऊ लागली. निघायला सहा आठवडे उरले होते.

त्याच रविवारी सकाळी दारावर थाप पडली. दारात खिडकीतल्या बाई उभ्या होत्या, पोटाशी एक कापडी पिशवी धरलेली. चढ चढून त्यांना धाप लागली होती. काकांनी खुर्ची पुढे केली, तर त्या बसेनात.

"आधी ऐकून घ्या, मग बसायला सांगा," त्या म्हणाल्या आणि पिशवीतून निळं पुस्तक बाहेर काढलं. "तुमचा अर्ज कुठेच गेलेला नाही. चार महिने माझ्या कपाटात आहे."

काकांना आधी अर्थच लागला नाही. पुस्तक जसंच्या तसं होतं, एक कोपरासुद्धा दुमडलेला नव्हता.

बाईंनी सांगितलं ते असं. कचेरीत आलेला प्रत्येक अर्ज आधी सुटा करतात. एकेक पान यंत्राच्या काचेवर पालथं घालून त्याची नक्कल घेतात आणि ज्याची त्याची पानं ज्या त्या टेबलाकडे जातात. काकांचं पुस्तक कडेनं शिवलेलं, ते सपाट उघडेचना; काचेवर ठेवलं की अर्धी ओळ शिवणीत गडप. शेजारचा कारकून म्हणाला, त्यात काय एवढं, पाठ कापून टाका. बाई ते घेऊन कापायच्या यंत्रापाशी गेल्यासुद्धा.

"आणि माझा हातच चालेना," बाई म्हणाल्या. "बावीस वर्षं या खिडकीत बसतेय. लोक चहाचे डाग पडलेले कागद टाचणीला लावून तोंडावर फेकतात. कुणी आमच्या कचेरीला असं काही करून दिलं नव्हतं. म्हटलं, उद्या बघू, काकांनाच विचारू. तुम्ही आलात, तर आल्या आल्या आभार मानायला लागलात. आभार मानणाऱ्या माणसाला कसं सांगू, की तुमचा अर्ज मी हलवलाच नाही म्हणून? मग पुढच्या वेळी आणखी अवघड झालं. त्याच्या पुढच्या वेळी त्याहून. परवा कपाट आवरताना सहज वाचायला घेतलं. पहिल्या पानापासून वाचत गेले, आणि पान एकतीस आलं."

वरच्या खोलीतून यंत्राची घरघर खाली ऐकू येत होती. "मला वाटलं होतं, हौसेची चक्की असेल," त्या म्हणाल्या.

काकांच्या आयुष्यात राग फारसा आला नव्हता, म्हणून तो आला तेव्हा त्याला कुठे बसवावं ते त्यांना कळेना. चार महिने. अण्णांची खोकी. ते काहीतरी बोलणार, तेवढ्यात वरून ताईचा आवाज आला.

"त्या बाईंना वर पाठव. आणि दाभण घेऊन तूही ये."

ताईनं पुस्तक मांडीवर घेतलं. स्वतःचे टाके निरखले. मग भावाकडे बघून म्हणाली, "अर्ज द्यायला सांगितला होता, ग्रंथ नव्हे. अति तिथे माती. आणि डॉक्टरांचं पत्र एकतिसाव्या पानावर? मी मरत्येय हे शेवटच्या प्रकरणात कळायला ही काय रहस्यकथा आहे?"

"ताई, चूक माझी आहे," बाई म्हणाल्या.

"तुमची आहेच. पण एकटीची नाही. टाके मी घातलेत, पुठ्ठा यानं चढवलाय, कपाटाला कुलूप तुम्ही लावलंत. बसा आता. तिघांनी मिळून बांधलंय, तिघांनी उसवू."

काकांचा राग तिथेच कुठेतरी विरला. बहीण असं बोलली की लहानपणापासून त्यांचं दुसरं काही चालत नसे. त्यांनी निळं कापड सोलून काढलं. ताईनं एकेक टाका दाभणाच्या टोकानं उचलला, बाईंनी नखात धरून दोरा ओढला. अर्ध्या तासात पलंगावर छत्तीस सुटी पानं पसरली. काकांना त्यांच्याकडे बघवत नव्हतं, तरी त्यांनी एकतिसावं पान स्वतःच्या हातानं उचलून सगळ्यांत वर ठेवलं.

"पण आता वेळ कुठे आहे?" त्यांनी विचारलं. "सहा आठवड्यांनी अण्णा जातील. नव्वद दिवस तर लागणारच."

बाई पानं पिशवीत भरत होत्या. "तातडीची एक यादी असते," त्या म्हणाल्या. "त्यात नाव लागलं तर तीन आठवड्यांत होतं. बघते मी."

"ते कसं लागतं?"

"लागतं," एवढंच त्या म्हणाल्या आणि चहा न घेताच उतार उतरून गेल्या.

आणि लागलं. कसं ते काकांना कळलं नाही, पण पुढच्याच आठवड्यात बांधकामवाल्यांचा माणूस येऊन मुरूम उकरून पाहून गेला. दुसऱ्या दिवशी वीजवाले आले. पाखरांचं टेबल सांभाळणारी मुलगी गळ्यात दुर्बीण अडकवून दोन तास गच्चीत बसली आणि ताईनं सांगितलेल्या सगळ्या चिमण्या तिनं वहीत उतरवून घेतल्या. शेवटी खुद्द साहेब पाहणीला आले, हातात टेप आणि आवाज मोजायचं यंत्र. बोलायला कोरडा माणूस. दोन्ही हद्दी त्यांनी स्वतः मोजल्या, भिंतीपलीकडच्या अण्णांना विचारून खात्री केली, मग ताईच्या खोलीत आले.

"पाती फिरताना आवाज होईल. तुम्हाला त्रास नाही होणार?"

"साहेब, या यंत्राची घरघर मी तीन वर्षं ऐकतेय," ताई म्हणाली. "ती थांबली की माझी झोप उडते."

साहेबांनी आवाजाचं यंत्र खिशात घातलं. आवाजाच्या शेऱ्याला आणखी काही लागलं नाही. जाताना खाली कामाच्या खोलीत ते थोडे रेंगाळले, बांधलेल्या खंडांवरून नजर फिरवली. काकांनी फाटकापर्यंत जाऊन त्यांचे आभार मानले. "तुमच्यामुळे तातडीच्या यादीत आलो, साहेब. तुमच्यासारखे अधिकारी आहेत म्हणून चाललंय." साहेब काहीतरी सांगणार होते, पण त्यांनी नुसती मान हलवली.

तेविसाव्या दिवशी मंजुरी हातात पडली. एकच सुटं पान, खाली गोल शिक्का. काकांचा जीव भांड्यात पडला. ताईनं ते पान उशीखाली ठेवलं आणि बजावलं, "याला सुई लावलीस तर बघ."

वेल्डरनं शब्द पाळला. अण्णा जायच्या दोन दिवस आधी खांब उभा राहिला. अण्णांनी स्वतः दोर ओढला, आणि पाती पहिल्यांदा वळली तेव्हा ट्रकचा गिअर पडावा तसा त्यांनी हवेत हात मारला. निघताना त्यांनी भिंतीवरची लांब वायर गुंडाळून काकांच्या हातात दिली. "आता मला तिकडे गाढ झोप लागेल," ते म्हणाले. गेली तीन वर्षं हा माणूस वाऱ्याच्या महिन्यांत गाढ झोपलाच नव्हता, हे काकांना तेव्हा कळलं. त्यांनी अण्णांचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

वारा ठरल्या वेळी आला. पहिल्याच आठवड्यात भर दुपारी टेकडीवरची तार तुटली आणि गल्लीतले पंखे थांबले. काका जिना तीन-तीन पायऱ्यांनी चढून गेले. ताई पलंगावर बसून मासिक वाचत होती. यंत्र चालू होतं. वर पाती अशी फिरत होती की दिसतच नव्हती.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"काही नाही," काका म्हणाले, आणि तिच्या पायांशी बसून लहान मुलासारखे रडले. ताईनं मासिक बाजूला ठेवलं आणि त्यांच्या टक्कल पडलेल्या डोक्यावर हात ठेवला. तार जोडायला दीड दिवस लागला. यंत्र एकदाही थांबलं नाही.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी साहेबांचा निरोप आला. मंजूर फायली कायमच्या अभिलेखात जातात, नाडीला बांधलेल्या असतात आणि पाच वर्षांत त्यांचा चुरा होतो. तुमची फाइल तुम्हीच बांधून देता का? बरी वाटली तर बाकीच्यांचाही विचार करू. काका धावतच गेले. खिडकीत एक तरुण कारकून बसला होता.

"बाई कुठे गेल्या?"

"त्यांना खाली पाठवलंय, रेकॉर्डरूमला," तो म्हणाला आणि फायलीचा गठ्ठा सरकवला.

बढती मिळाली असणार, काकांना वाटलं. त्यांना बरं वाटलं.

घरी येऊन त्यांनी गठ्ठा सोडला आणि सवयीप्रमाणे पानं मोजली. अर्जाची छत्तीस, त्यावर शेरे, टिपणं, पाहणीचे कागद. सगळी मिळून अठ्ठावन्न. क्रम लावताना ते पान एकेचाळीसवर आले आणि थांबले. अक्षर ओळखीचं होतं, आवक चिठ्ठीवरचं.

'सदर अर्ज माझ्या ताब्यात येऊनही मी तो एकशे अठरा दिवस माझ्या कपाटात ठेवला. अर्जदाराची यात कोणतीही चूक नाही. विलंब पूर्णपणे माझ्यामुळे झाला आहे. विलंब कार्यालयाचा असल्यास प्रकरण तातडीच्या यादीत घेता येते, त्या नियमानुसार हे घ्यावे, ही विनंती.' खाली सही. सहीखाली साहेबांच्या लाल शाईत दोन ओळी: 'मान्य. प्रकरण तातडीने घ्यावे. संबंधितांचे नाव यंदाच्या बढतीच्या यादीतून वगळून त्यांना अभिलेख कक्षात हलवावे.'

काका ते पान घेऊन जिना चढले. ताईनं वाचलं, पुन्हा वाचलं.

"मी साहेबांचे आभार मानत होतो," काका म्हणाले. "फाटकापर्यंत जाऊन."

"आभारांच्या बाबतीत तुझा नेम पहिल्यापासूनच चुकतो."

काकांनी पानाची कड अंगठ्यानं सरळ केली. मग हळूच म्हणाले, "हे पान राहून गेलं तर? अठ्ठावन्नाची सत्तावन्न झाली तर वरती कोण मोजणार आहे? कायमचं राहणार गं हे. पन्नास वर्षांनी कुणीही उघडेल आणि त्या बाईंची चूक वाचेल." चाळीस वर्षांत त्यांनी कुठल्या पुस्तकातलं एक पान गाळलं नव्हतं. चुकून मधे राहिलेला बसचा पासही ते मालकाला परत करायचे.

ताईनं नळी सारखी केली. "ते पान तिनं स्वतःच्या हातानं लिहिलंय. आपल्याला सांगितलंसुद्धा नाही. ते काढून टाकलंस तर तिनं केलं ते केलंच नाही असं होईल. पान आहे तिथे राहू दे. पण तू शेवटी कोरं पान घालतोस ना, ते मला आण. आणि पेन."

या वेळी काकांनी कडेनं शिवलं नाही. ठेच लागल्यावर शहाणपण येतं. प्रत्येक पानाच्या कडेला कागदाची बारीक पट्टी चिकटवली आणि टाके त्या पट्टीत घेतले, म्हणजे कुठलंही पान उघडा, टेबलावर सपाट बसेल, काचेवर पालथं घाला, एक अक्षर गडप होणार नाही. टाके ताईनंच घातले. चार दिवस लागले. तेच जुनं निळं कापड त्यांनी पुन्हा चढवलं.

रेकॉर्डरूम कचेरीच्या तळघरात होती. लोखंडी कपाटांच्या रांगा, एक टेबल, एक दिवा, दिव्याखाली बाई. काकांना बघून त्या उठून उभ्या राहिल्या.

"ताई कशा आहेत?"

"मध्यंतरी तार तुटली होती. दीड दिवस," काका म्हणाले. "ती वाचत बसली होती."

बाईंनी डोळे मिटले आणि एक मोठा श्वास सोडला. काकांनी हात जोडले नाहीत, लांबलचक आभारही मानले नाहीत. त्यांनी निळी फाइल टेबलावर ठेवली आणि पान एकेचाळीस उघडून दाखवलं. ते सपाट उघडलं.

"आम्ही वाचलं," ते म्हणाले.

बाई लाल झाल्या. चष्म्याची साखळी बोटाला गुंडाळत त्यांनी रजिस्टर पुढे ओढलं. "पानं किती लिहू?"

"अठ्ठावन्न. आणि मागे एक कोरं असतं, ते बांधणाऱ्याचं. ते कचेरीचं नसतं. मोजायची गरज नाही."

बाईंनी शेवटचं पान उलटलं. ते कोरं नव्हतं. थरथरत्या पण सरळ रेषेतल्या अक्षरात लिहिलं होतं:

'पान एकेचाळीसवर एका बाईनं आपली चूक लिहून दिली आहे. ती जो वाचेल त्यानं हेही वाचावं. त्या पानामुळे माझं श्वासाचं यंत्र आजवर एकदाही बंद पडलं नाही. मी जिवंत आहे आणि त्यांची आभारी आहे.'

बाईंनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग रजिस्टरमध्ये पानांच्या रकान्यात त्यांनी सावकाश, जपून आकडा लिहिला: एकोणसाठ.